न दिलेला खांदा

कल्याणात पारनाक्याच्या मागच्या बोळात कुणी वारलं, की विश्राम पानवाला दुकानाची फळी ओढून घ्यायचा आणि निघायचा. गेलेला माणूस ओळखीचा असो, नसो. काठी टेकत, कमरेत वाकलेला, चार पावलं चालून थांबणारा हा गडी स्मशानापर्यंत काही पोचायचा नाही, कोपऱ्यावरनंच मागं फिरायचा. पण तेवढ्या अंतरात तिरडीच्या बांबूला हात लावून चालायचा. खांदेकऱ्यांना त्याची अडचणच व्हायची. एखादा तरणाताठा म्हणायचाही, "काका, बाजूला व्हा हो, पायात येताय." तरी हा हात सोडायचा नाही. लोक म्हणायचे, मोठा पुण्यवान माणूस. पुण्यवान कसला डोंबलाचा. त्या हातामागं काय होतं ते त्याला आणि खडवलीच्या एका बाईला ठाऊक होतं. आता ती दोघंही राहिली नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

गोष्ट पंचावन्न सालची. विश्राम तेव्हा पानवाला नव्हता. शहाडला एका गिरणीच्या गुदामात कामाला होता, आणि गिरणीच्याच चाळीत एका खोलीत बायको गंगू आणि लहानगी लेक यांच्यासह राहायचा. मूळचा संगमेश्वराकडचा. गावाहून आला तेव्हा जवळ काही नव्हतं, पाठ तेवढी होती. पण काय पाठ होती. कापडाची गासडी उचलायला दोघं लागायची तिथं हा एकटा वाकायचा आणि "ठेवा" म्हणायचा. गुदामातले मुकादम बाहेरच्या पाहुण्यांना त्याचं काम मुद्दाम दाखवायचे. विश्रामला त्याची घमेंडही होती. का नसावी, दुसरं होतं काय त्याच्याकडं.

धाकू त्याच गुदामात आणि चाळीत शेजारच्याच खोलीत. खडवलीचा कुणब्याचा पोरगा, अंगानं किडकिडीत, बोलायला मात्र बिलंदर. "विश्राम, देवानं तुला माणूस करायचं ठरवलेलं, मग मधेच बैलाची आठवण झाली त्याला," असं चारचौघांत म्हणायचा. त्याची बायको सखुबाई विश्रामला भावजी म्हणायची. दोन्ही घरांची चूल वेगळी, पण कालवण इकडचं तिकडं जायचंच. धाकूला मूल नव्हतं. विश्रामची पोर त्याच्याच अंगाखांद्यावर वाढली.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला थप्पीवरची गासडी निसटली आणि खाली वाकलेल्या विश्रामच्या पाठीत बसली. तो पालथा पडला तो उठेना. कुणी म्हणालं स्ट्रेचर आणा, कुणी म्हणालं साहेबांना सांगा. धाकूनं कुणाचं ऐकलं नाही. ज्याला दोन गासड्यांएवढा गडी म्हणून चिडवायचा त्याला त्या किडकिड्या माणसानं पाठुंगळी घेतला आणि गुदामापासून फाटकाबाहेरच्या दवाखान्यापर्यंत नेला. वाटेत त्याचे पाय लटपटत होते, हे विश्रामला पाठीवरून कळत होतं. "उतरव रे," तो म्हणाला. धाकू म्हणाला, "गप बस, बैला."

हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं, असं विश्राम पुढं कितीदा म्हणाला असेल. मोडलेलं हाड एक्सरेत दिसतं. याच्या एक्सरेत काहीच दिसेना. डॉक्टर म्हणाले, मणके जागेवर आहेत, मुका मार आहे, बरं होईल. पण बरं काही होईना. कमरेत कुणीतरी निखारा ठेवून दिल्यासारखी आग, तिथून डाव्या पायात उतरणारी कळ. बसलं तर उठवत नव्हतं, उठलं तर बसवत नव्हतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते रोज सारखं नव्हतं. चार दिवस जीव नकोसा व्हायचा, मग एखादा दिवस असा उजाडायचा की कळ कुठं गेली ते कळायचं नाही. त्या दिवशी हा नळावर जाऊन आंघोळ करून यायचा आणि चाळीतली माणसं बघायची. "काल तर बोंबलत होता," ती म्हणायची. दुखणं डोळ्याला दिसत नसलं की शेजारी त्याचा हिशेब स्वतःच मांडतात, आणि तो नेहमी कमीच भरतो.

गिरणीनं काही महिने वाट पाहिली आणि सांगितलं, काम होत नसेल तर नाव कमी करावं लागेल. नाव कमी झालं म्हणजे चाळीची खोली गेली. खोली गेली म्हणजे पोरीची शाळा सोडून संगमेश्वरला परत, भावाच्या दारात, वाकता न येणारा माणूस भातशेतीत. गंगूनं हे ऐकलं त्या दिवशी पोरीचं दप्तर धुऊन वाळत घातलं.

युनियनचा दौलत मात्र बसून राहणारा नव्हता. त्यानं भरपाईचा अर्ज करायला लावला. कामावर इजा होऊन माणूस कायमचा निकामी झाला तर मालकानं भरपाई द्यावी असा कायदा होता. ती मिळाली की कल्याणात पागडी भरून एखादी खोली घ्यायची, पुढं पानपट्टी टाकायची, असा सगळा बेत दौलतनंच मांडला. घोडं अडलं ते एवढ्यावरच, की निकामी झालाय हे सिद्ध कसं करायचं. गिरणीनं विमा उतरवलेला होता आणि विमा कंपनीचं म्हणणं, एक्सरे साफ आहे, माणूस ढोंग करतोय. शेवटी ठरलं, ठाण्याला मोठ्या डॉक्टरांनी तपासायचं आणि ते म्हणतील ते दोघांनी मानायचं. शिवाय कंपनीचा एक माणूस अधूनमधून चाळीत येऊन विश्राम काय करतो ते बघून जाणार. त्याचं नाव कर्णिक. पांढरा सदरा, काळी टोपी, हातात छत्री. आला की चहाच्या टपरीवर बसायचा, वर्तमानपत्र समोर धरायचा आणि त्याच्या वरनं चाळीकडं बघायचा.

दौलतनं विश्रामला बसवून बजावलं. "हे बघ, तुझं दुखणं खरं आहे हे मला ठाऊक आहे. पण खरं असून भागत नाही, दिसायला पाहिजे. चांगला दिवस असला तरी आडवा पडून राहायचं. कळशी उचलायची नाही. पोरीला कडेवर घ्यायचं नाही. त्या कर्णिकनं एकदा जरी तुला वजन उचलताना पाहिलं तर खेळ खलास."

"म्हणजे सोंग करू?" विश्राम म्हणाला.

"सोंग कसलं? चार दिवसांचं दुखणं पाचव्या दिवशी विसरायचं नाही, एवढंच."

विश्रामनं ते ऐकलं. पोर "बाबा, घ्या" म्हणून हात वर करायची आणि तो मान फिरवायचा. चांगल्या दिवशीसुद्धा. थोड्या दिवसांनी तिनं हात वर करणं सोडून दिलं आणि ती धाकूकडं जायला लागली. तिला खांद्यावर बसवून धाकू दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "तू निवांत पड रे. तुझा अर्ज पास होईस्तोवर ही माझ्या खात्यात."

पावसाळा संपता संपता धाकूला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग दवाखाना झाला. डोळे हळदीसारखे पिवळे आणि पोट फुगलेलं. विश्राम भिंत धरधरून त्याच्या खोलीत जायचा, उशाशी बसायचा. धाकूला बोलायची ताकद राहिली नव्हती तरी खोडी राहिली होती. "तू निकामी, मी निकामी," तो म्हणाला, "गासड्या आता मुकादमानंच उचलाव्या." मग दमून डोळे मिटून पडला. विश्रामला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला, पण असं काही करायची दोघांना सवय नव्हती.

धाकू गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी विश्रामची ठाण्याची तारीख होती. दुपारी प्राण गेला. सखुबाईचा आक्रोश भिंतीपलीकडून आला तेव्हा विश्राम पडून होता, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याची पाठ दुखत नव्हती. तोच तो नेमका, महिन्यातून एखादा उजाडणारा दिवस. तो ताडकन उठून बसला, आणि उठल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण ताडकन उठलो.

बाहेर माणसं जमली. बांबू आले, कामट्या आल्या. धाकूचा चुलतभाऊ आनंदा खडवलीहून आला, त्यानं मडकं धरलं. मुलगा नाही, सख्खा भाऊ नाही, तेव्हा पुढच्या खांद्याला कोण, हे कुणी बोललंसुद्धा नाही. सगळ्यांनी विश्रामकडंच पाहिलं. गुदामातला म्हातारा काळुराम म्हणाला, "विश्राम, ये रे. उंबऱ्यापासनं चाळीच्या फाटकापर्यंत तरी दे. पुढं आम्ही बदलू."

उंबऱ्यापासून फाटकापर्यंत. चार खोल्यांचं अंतर. धाकू आजारानं झिजून काडी झालेला. विश्रामनं एक पाऊल पुढं टाकलं. आणि मग टपरीकडं त्याची नजर गेली. कर्णिक उभा होता. टोपी काढून हातात घेतली होती त्यानं, मयताला मान म्हणून, पण डोळे इकडंच होते.

विश्रामला पोरीचं दप्तर आठवलं, भावाचं दार आठवलं, दौलतचं बजावणं आठवलं. उद्या तारीख. तो जागच्या जागी थांबला आणि दोन पावलं मागं सरला. एवढंच केलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण त्यानं कमरेवर हात ठेवला, तोंड वेडंवाकडं केलं आणि जरा मोठ्यानंच, टपरीपर्यंत ऐकू जाईल असं, म्हणाला, "नाही जमायचं रे. पाठ साथ देत नाही."

काळुरामनं स्वतः खांदा घातला, सत्तरीचा माणूस. तिरडी उचलली. नदीच्या वाटेवर विसाव्याला ती खाली ठेवली, खांदे बदलले. ज्यांना वयानं, आजारानं खांदा देता येत नाही ते अशा वेळी पुढं होतात, बांबूला हात लावतात, तेवढ्यानंही पोचतं असं मानतात. म्हातारी माणसं पुढं झाली, हात लावून मागं आली. विश्राम सगळ्यांच्या मागं हात पाठीला बांधून उभा होता. कर्णिक छत्री टेकत मयताच्या मागोमाग आला होता, आणि विश्रामला वाटत होतं की त्याची नजर आपल्या हातांवर आहे. त्यानं हात सोडले नाहीत. चिता पेटली तेव्हाही सोडले नाहीत. धुरानं सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, त्याच्याही आलं, आणि ते कशाचं हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला डॉक्टरांनी त्याला पालथं झोपवलं. बोटं दाबून बघितली, पाय वर उचलायला लावला, एक्सरे उजेडाला धरला. देवाची करणी बघा, त्या दिवशी पाठीनं असा सूड उगवला होता की टेबलावर चढतानाच त्याचं अंग घामानं भिजलं. तरी डॉक्टर साशंकच. "हाडाला काही नाही. दुखणं असेलही. पण कायमचं निकामी म्हणायचं तर मला आधार पाहिजे."

दौलत काही बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला कर्णिक उठला. विश्रामला वाटलं, झालं, यानं कधीतरी आपल्याला नळावर ताठ उभं पाहिलंय.

"डॉक्टर," कर्णिक म्हणाला, "मी याला पकडायला म्हणून तिथं जात होतो, हे कबूल करतो. आमचं कामच ते. पण काल मी जे पाहिलं ते सांगतो. याचा जिवलग मित्र गेला. ज्यानं याला पाठीवर घालून दवाखान्यात नेला, तोच. चाळ सगळी याच्याकडं बघत होती. याला चार पावलं खांदा देता आला नाही. आपल्यात कुणी सोंग म्हणून असं करेल का? माणूस खोटं बोलेल, पण मयताला खांदा द्यायला मागं सरणार नाही. याचं दुखणं खरं आहे."

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि लिहायला घेतलं. विश्राम टेबलावर पालथाच होता. आत्ता बोल, आत्ता बोल, असं त्याचं मन सांगत होतं. साहेब, काल जमलं असतं मला. दुखणं खरं आहे, पण काल जमलं असतं. एवढी दोन वाक्यं. त्याऐवजी तो टेबलावरून उतरून सदऱ्याच्या गुंड्या लावू लागला. बाहेर पडताना कर्णिकनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "सांभाळा स्वतःला," म्हणाला. त्या हातापेक्षा थप्पीवरची गासडी परवडली असं विश्रामला वाटलं.

अर्ज पास झाला. गंगूनं शिरा केला, विश्रामनं ताट बाजूला सारलं. ती म्हणाली, "अहो, दुखतंय का?" तो हो म्हणाला. दुखत होतंच. त्यानंतर चांगला दिवस उजाडला की त्याला आनंद होईनासा झाला. पाठ हलकी वाटली रे वाटली की धाकूची तिरडी आणि चाळीचं ते फाटक डोळ्यांपुढं यायचं. उलट कळ उठली की बरं वाटायचं, आपण खोटे नव्हतो म्हणून. असला विचित्र जमाखर्च घेऊन तो कल्याणच्या खोलीत राहायला आला, पानपट्टी टाकली, चुना लावायला शिकला.

सखुबाई तोवर चाळ सोडून खडवलीला भावाकडं गेली होती. जायच्या आधी गंगूला भेटून गेली, विश्राम आतच बसून राहिला होता. दिवाळी झाली, भात कापून झालं, तेव्हा एक दिवस त्यानं फळी ओढली आणि खडवलीची गाडी पकडली. स्टेशनापासून तिच्या भावाचं घर फार लांब नव्हतं, पण त्याला पोचायला दुपार झाली. बांधाबांधावर बसत गेला.

सखुबाई खळ्यात भात पाखडत होती. त्याला बघून तिनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला. "या भावजी. एवढ्या लांब कशाला आलात तुमची पाठ घेऊन?" तिनं पाणी आणून दिलं, पाट टाकला. पोर कशी आहे, गंगूवहिनी कशी आहे, सगळं विचारलं. तिच्या बोलण्यात राग नाही हे बघून विश्रामला आणखी जड झालं. राग असता तर सोपं गेलं असतं.

"वहिनी," तो म्हणाला, "एक सांगायला आलोय. त्या दिवशी माझी पाठ दुखत नव्हती. मला खांदा देता आला असता. तो कंपनीचा माणूस बघत होता म्हणून मी कच खाल्ली. आणि त्याच्यावरनंच माझा अर्ज पास झाला."

सखुबाईनं सूप परत हातात घेतलं. थोडं पाखडलं. कोंडा उडाला, दाणे सुपात राहिले.

"खांद्याचं मी मनात नाय धरलं," ती म्हणाली. "तुमची पाठ त्यांना माहीत नव्हती काय? पाठीवर त्यांनीच तर आणलेलं तुम्हाला. रात्री घरी येऊन सांगत होते मला, सखू, आज विश्राम माझ्या पाठीवर रडला, कुणाला सांगू नको. आणि अर्ज पास व्हावा म्हणून मलंगगडाला नारळ बोललेले तुमच्यासाठी. तो मी फोडून आले परवा."

विश्राम अंगावर उडालेला कोंडा झाडत राहिला.

"तुम्ही खांदा दिला असतात आणि अर्ज गेला असता तर त्यांनीच शिव्या घातल्या असत्या तुम्हाला," ती म्हणाली. मग तिचे हात थांबले. "पण भावजी, हात लावायचा ना. आमच्या दाराशी उभे होतात, विसाव्याला उभे होतात, आनंदा सांगत होता मला. हात का नाय लावला? हाताचं काय वजन पडतं?"

तिनं हे तक्रार म्हणून विचारलं नाही. तिला खरंच कळत नव्हतं. उत्तराची वाट बघत ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि हाताचं हे विश्रामला त्याच क्षणी पहिल्यांदा सुचत होतं. हात लावायला पाठ लागत नव्हती. त्यानं अर्ज अडला नसता, कर्णिक काही म्हणाला नसता. लुळ्यापांगळ्यानं लावला तरी चालतो असा हात, तोही त्यानं पाठीमागं बांधून ठेवला होता. अर्जाच्या नादात एवढं भय अंगात मुरलं होतं की धाकूला दोन बोटं लावायचंही त्याला सुचलं नव्हतं.

तो पाटावरून उठायला गेला आणि कमरेतून कळ निघाली ती थेट टाचेपर्यंत. सखुबाईनं पटकन त्याला दंडाला धरलं. "हळू," ती म्हणाली, आणि बांधापर्यंत त्याला तसंच धरून घेऊन गेली.

त्यानंतर बोळात कुणाचंही मयत निघालं की विश्राम फळी ओढून घ्यायचा. मारवाडी असो, गुजराती असो, दुसरीकडचं भाडं थकवून रातोरात इथं राहायला आलेला नवखा असो. पाठ बरी असली तरी खांदा द्यायला तो कधी पुढं झाला नाही, तो हक्क आपला राहिला नाही असं मानायचा. बांबूवर हात ठेवायचा आणि कोपऱ्यापर्यंत चालायचा. दर वेळी, हात टेकला की त्याला नव्यानं कळायचं, की हात लावायला खरंच काही लागत नाही. मग कोपऱ्यावर मयत पुढं जायचं आणि हा तो हात हवेत तसाच धरून थोडा वेळ उभा राहायचा.